घरच्या संगणकाचा पहारेकरी

आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता सागाच्या आणि बांबूच्या रानांतून साठ किलोमीटरांच्या आसपास धांवतो, आणि भामरागड अगदीं जवळ आलें असतां हेमलकसा हें लहानसें गांव लागतें. बाबा आमटे यांनीं २३ डिसेंबर १९७३ रोजीं येथें लोकबिरादरी प्रकल्पाची मुहूर्तमेढ रोविली, तेव्हां हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यांत मोडत असे. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं झाला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं माडिया गोंडांसाठीं येथें दवाखाना चालविला, १९७६ सालीं शाळा सुरू झाली, आणि २००८ सालच्या मॅगसेसे पुरस्कारानें या आडरानांतील गांवाचें नांव सर्वतोमुखीं झालें. आरंभींच्या वर्षांत तेथें विजेचा दिवाही नव्हता. पुढें वीज आली, मोबाइल फोन आला, आणि त्यांच्या मागोमाग संगणकही आला.

अशा ठिकाणच्या एका घराची कल्पना करावी. नवरा शाळेंत शिक्षक, बायको परिचारिका, मुलगी आठवींत. घरांत एक संगणक आहे. तो सहा वर्षांपूर्वीं नागपुरास घेतलेला. त्यांत काय आहे? मुलीच्या जन्मापासूनचीं छायाचित्रें आहेत, बँकेचे व शेताचे कागद आहेत, वारलेल्या आजोबांच्या आवाजाचीं दोन-तीन ध्वनिमुद्रणें आहेत, आणि गुरुजींनीं अकरा वर्षें वर्गांतील मुलांच्या तोंडून ऐकून टिपलेला माडिया शब्दांचा संग्रह आहे. या शेवटच्या वस्तूची दुसरी प्रत कोठेंही नाहीं. दुकानदारास विचारलें तर संगणकाची किंमत तो तात्काळ सांगेल. या संग्रहाची सांगूं शकणार नाहीं. घरच्या संगणकासाठीं कोणता अँटिव्हायरस घ्यावा हा प्रश्न वरवर पाहतां बाजारांतील हजारभर रुपयांचा आहे. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत काय ठेवलेलें आहे हें अशा घरांत गेल्यावांचून कळत नाहीं.

पुण्यामुंबईच्या श्रोत्यांस वाटेल कीं, हेमलकशाच्या घराशीं आपला संबंध काय? संबंध असा कीं, या विषयावर शहरांत मिळणारा बहुतेक सल्ला एक गोष्ट न बोलतां गृहीत धरतो. ती ही कीं, संगणकाची इंटरनेटशीं जोडणी अष्टौप्रहर चालू आहे. हेमलकशास हें गृहीत टिकत नाहीं. पावसाळ्यांत पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे भामरागडचा बाहेरच्या जगाशीं संबंध तुटतो, हा तेथील वर्षानुवर्षांचा अनुभव. वीज व फोन यांचेंही तसेंच. आणि कोंकणांतील वडिलोपार्जित घरीं, मेळघाटांतील मुलाच्या नोकरीच्या गांवीं, फार काय, शहरांतीलच ज्या आजोबांच्या खोलींत संगणक पंधरवड्यांतून एकदां उघडला जातो त्या खोलींतही अर्धें हेमलकसा आहेच.

विषाणु हा शब्द संगणकशास्त्रानें वैद्यकांतून उसना घेतला. दुसऱ्याच्या शरीरांत शिरावें, त्याच्याच सामग्रीनें आपली प्रजा वाढवावी आणि तिसऱ्याकडे जावें, हा त्याचा धर्म. संगणकांतील विषाणु म्हणजे असेंच वागणारा एक लहानसा लिखित आदेशांचा संच. हेमलकशाच्या दवाखान्यास ज्या हिंवतापाशीं सतत झुंजावें लागलें, तो मात्र विषाणूचा रोग नव्हे, परजीवी जंतूचा आहे. तरी त्या रोगाची एक गोष्ट येथें फार उपयोगी पडते. हिंवताप माणसाकडून माणसाकडे डासावांचून सहसा जात नाहीं. म्हणून वैद्य रोग्यास औषध देतो आणि त्याच वेळीं साचलेलें पाणी कोठें आहे व मच्छरदाणी फाटली आहे का हेंही विचारतो. संगणकाच्या बाबतींत पहिला प्रश्न हाच असावयास पाहिजे: रोग या घरांत कोणाच्या पायानें येतो?

आरंभीं तो फ्लॉपीच्या पायानें येत असे. १९८६ सालीं लाहोर येथील दोघां भावांनीं लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम जातीच्या घरगुती संगणकांवर पसरलेला पहिला विषाणु मानला जातो. त्यांत त्या भावांनीं आपलें नांव, पत्ता आणि दूरध्वनीचा क्रमांकसुद्धां घातला होता. आजचे विषाणु लिहिणारे इतके सभ्य राहिलेले नाहींत. ती चपटी तबकडी एका यंत्रांतून काढून दुसऱ्यांत घातली कीं रोग दुसऱ्या घरीं पोंचे, आणि तबकड्या तर पुस्तकांसारख्या हातोहात फिरत.

पुण्यांत या रोगावर जो उपाय निघाला त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. मूळचे सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे कैलास काटकर हे शालेय शिक्षणानंतर कॉलेजांत न जातां गणकयंत्रें दुरुस्त करण्याच्या धंद्यांत शिरले, आणि पुढें संगणकांच्या दुरुस्तीकडे वळले. धाकटे बंधु संजय मात्र मॉडर्न कॉलेजांत संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांपैकीं पुष्कळशीं मोडलेलीं नसत, विषाणूनें ग्रासलेलीं असत. साफ करून परत दिलीं तरी कांहीं दिवसांनीं तींच पुन्हां दारांत येत. संजय यांनीं एकेका विषाणूवर लहान लहान उतारे लिहावयास सुरुवात केली, आणि १९९५ च्या सुमारास ते एकत्र करून ‘क्विक हील’ या नांवानें विकले जाऊं लागले. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही त्यांची पेढी २००७ सालीं क्विक हील टेक्नॉलॉजीज झाली आणि फेब्रुवारी २०१६ मध्यें शेअरबाजारांत नोंदली गेली. मराठी माणसास या गोष्टीचा अभिमान वाटला तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु अभिमान हें खरेदीचें कारण होऊं शकत नाहीं. गांवच्या वैद्याचें औषधही गुण येतो कीं नाहीं हें पाहूनच घ्यावें लागतें. या हकीकतींतून घेण्याजोगें आहे तें वेगळें. हें साधन दुरुस्तीच्या बांकावर जन्मास आलें, कारण रोग कोणत्या वाटेनें आला हें तेथें रोज दिसत होतें.

शहरांत ती वाट आतां बदलली आहे. तेथें रोग येतो तो ई-मेलबरोबर जोडलेल्या खोट्या बिलांतून, फुकटांत मिळणाऱ्या चोरट्या चित्रपटांतून, बँकेच्या दारासारखें दिसणाऱ्या खोट्या दारांतून. हेमलकशास या वाटा आहेतच, पण त्यांच्या जोडीला जुनी वाटही जिवंत आहे. फक्त फ्लॉपीच्या जागीं पेनड्राइव्ह आला. शाळेचा अहवाल पेनड्राइव्हवर घालून तालुक्याच्या कचेरींत द्यावयाचा, तेथून तो झेरॉक्सच्या दुकानांत छापण्यास न्यावयाचा, परतीच्या वाटेवर मुलीसाठीं कोणाकडून गाणीं भरून घ्यावयाचीं, आणि रात्रीं तोच घरच्या यंत्रांत घालावयाचा! जो दुकानदार दिवसाकाठीं पन्नास जणांचे पेनड्राइव्ह एकाच संगणकांत घालतो, त्याच्या त्या संगणकास साथीच्या दिवसांतील धर्मशाळाच म्हणावें. नोव्हेंबर २००८ मध्यें जगभर पसरलेल्या ‘कॉन्फिकर’ या कृमीनें पेनड्राइव्ह आंत घालतांच आपोआप चालू होण्याच्या विंडोजच्या सोयीचा फायदा घेतला होता. मायक्रोसॉफ्टनें ती सोय विंडोज ७ मध्यें आवरती घेतली व फेब्रुवारी २०११ मध्यें जुन्या यंत्रांवरही बंद केली. तेव्हां विषाणु लिहिणाऱ्यांनीं दुसरी युक्ति काढली. पेनड्राइव्हवरील खरे फोल्डर लपवावयाचे आणि त्यांच्या जागीं तशाच चित्राचे, तशाच नांवाचे खोटे ठेवावयाचे. मनुष्य ‘अहवाल’ उघडतो, आणि उघडतो तो विषाणु. यावर एक उपाय फुकटाचा आहे. प्रत्येक फाइलीच्या नांवामागचें शेपूट, म्हणजे तिचा प्रकार सांगणारीं शेवटचीं अक्षरें, विंडोज स्वभावतः लपवून ठेवतें. तीं दिसतील अशी व्यवस्था करावी. फोल्डरच्या चित्रामागें ‘ईएक्सई’ हें शेपूट दिसलें कीं तो फोल्डर नसून सोंग आहे, हें आठवींतील मुलीलाही कळतें.

आतां पहारेकऱ्याकडे वळावें. तो चोर ओळखतो तो तीन प्रकारांनीं. पहिला प्रकार पोलिसठाण्याच्या भिंतीवरील छायाचित्रांसारखा: माहीत असलेल्या प्रत्येक विषाणूची खूण एका यादींत टिपलेली असते आणि येणारी प्रत्येक फाइल त्या यादीशीं ताडून पाहिली जाते. यादी शिळी झाली कीं हा पहारेकरी आंधळा. जर्मनींतील माग्डेबुर्ग येथील एव्ही-टेस्ट ही परीक्षणसंस्था दररोज साडेचार लाखांहून अधिक नवे उपद्रवी प्रोग्रॅम नोंदविते. त्यांपैकीं बरेचसे जुन्याच चोरांनीं नवे सदरे घातलेले असतात हें खरें, तरी सदरा बदलला कीं छायाचित्राशीं मेळ बसत नाहीं. दुसरा प्रकार वर्तनावरून ओळखण्याचा. एखादा प्रोग्रॅम एका मिनिटांत घरांतील शेंकडों चित्रांना कुलुपें घालूं लागला, तर तो कोण आहे हें माहीत नसलें तरी त्याचा हात धरावयास पाहिजे. तिसरा प्रकार अलीकडचा. संशयित फाइल दिसतांच घरचा पहारेकरी इंटरनेटवरून आपल्या मुख्य कचेरीस विचारतो, आणि तेथील अवाढव्य यंत्रें क्षणांत उत्तर धाडतात. शहरी सल्ल्यांत ज्या गुणांची वाखाणणी होते त्यांतील मोठा वांटा या तिसऱ्या प्रकाराचा आहे.

हेमलकशाच्या घरांत अडचण नेमकी येथें होते. जोडणी तुटली कीं तिसरा प्रकार बंद. पहिल्याची यादी त्या दिवसापासून शिळी होऊं लागते. उरतो तो दुसरा. म्हणजे जो पहारेकरी पुण्यास पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाला, तोच हेमलकशास जुलै महिन्यांत काठावर पास होईल, आणि खोक्यावर छापलेल्या प्रशस्तिपत्रकांत याचा मागमूसही नसेल. ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज ही संस्था आपल्या निकालांत जोडणी असतांना किती विषाणु पकडले आणि नसतांना किती, हे रकाने वेगवेगळे छापते. हा निकाल कोणासही विनामूल्य पाहतां येतो. रानांतील घरानें त्यांतील ‘जोडणी नसतांना’ हा रकाना आधीं वाचावा. तेथें कांहीं नामांकित नांवें खालीं घसरलेलीं दिसतात. विंडोजबरोबर फुकट येणारा मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर जोडणी असतांना उत्तम गुण मिळवितो, पण जोडणी नसतांनाचा त्याचा निकाल अनेक परीक्षांत लक्षांत येण्याइतका उतरलेला आहे.

तेव्हां निवड कशी करावी? ज्या घरीं जोडणी अखंड आहे, विंडोज ताजें आहे आणि माणसें सावध आहेत, तेथें डिफेंडर पुरेसा आहे. भीतीपोटीं आणखी पैसे खर्च करण्याचें कारण नाहीं. हें वाक्य दुकानदारांस रुचणार नाहीं. ज्या घरीं जोडणी तुटक आहे, पेनड्राइव्हची ये-जा आहे आणि यंत्र जुनें आहे, तेथें विकतचा पहारेकरी घेण्यास अर्थ आहे, पण तो दोन गोष्टी पाहून. जोडणी नसतांनाचा निकाल ही पहिली. दुसरी ही कीं, त्याची यादी हातानें नेतां यावयास हवी; म्हणजे ताज्या खुणांची फाइल दुसरीकडे उतरवून घ्यावी आणि घरच्या यंत्रास पाजावी, अशी सोय त्यांत असावी. क्विक हीलमध्यें अशी सोय आहे. डिफेंडरसाठींही मायक्रोसॉफ्ट अशी फाइल विनामूल्य देतें, हें थोड्यांनाच माहीत असतें. खोक्यावरील इतर विशेषणें या दोन गोष्टींपुढें गौण समजावीं.

आपले गुरुजी दिवाळीच्या सुट्टींत चंद्रपुरास गेले तर दुकानांतील संभाषण बहुधा असें होईल:

“गुरुजी, हा सगळ्यांत मोठा घेऊन जा. यात सगळंच आहे.”

“सगळं म्हणजे काय काय, भाऊ?”

“बँकेचं रक्षण, मुलांवर लक्ष, वायफायची तपासणी, जुन्या फायलींची साफसफाई. सगळं.”

“आणि पंधरा दिवस नेट नसलं तर याची यादी कशी ताजी करायची?”

दुकानदार क्षणभर थांबेल, कारण हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो. मग तो प्रामाणिक असेल तर कंपनीस फोन लावील. प्रामाणिक नसेल तर “होतं आपोआप” म्हणेल, आणि तेवढ्यावरून गुरुजींनीं दुसरें दुकान गांठावें. मोठ्या खोक्यांतील पुष्कळसा माल त्यांच्या घरीं वापरला जाणार नाहीं. उलट जुन्या यंत्राची स्मरणशक्ति चार जीबीची असली तर तेवढीं सर्व कामें करणारा पहारेकरी घरधन्यासच उठूं-बसूं देणार नाहीं, आणि त्रासलेला घरधनी एके दिवशीं त्याला बंद करून ठेवील. बंद ठेवलेल्या पहारेकऱ्यापेक्षां साधा पण जागा असलेला बरा. म्हणून विकत घेण्यापूर्वीं महिनाभराची विनामूल्य चांचणी करून यंत्र किती मंदावतें हें पाहावें. बहुतेक कंपन्या अशी मुभा देतात.

दोन पहारेकरी एकाच वेळीं ठेवण्याचा मोह कित्येकांस होतो. तो टाळावा. दोघेही एकमेकांस चोर समजतात व एकाच फाइलीवर झडप घालतात, आणि यंत्र जागच्या जागीं खिळून राहतें. दुसरा पहारेकरी नोंदला गेला कीं डिफेंडर आपणहून बाजूला होतो, ही त्याची समज वाखाणण्यासारखी आहे. नवा पहारेकरी खरोखर जागा आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं तज्ज्ञांनीं ‘आयकार’ नांवाची एक अडुसष्ट अक्षरांची निरुपद्रवी ओळ ठरवून दिली आहे. ती विषाणु नाहीं, परंतु सर्व प्रामाणिक अँटिव्हायरस तिला विषाणु समजून ओरडतात असा संकेत आहे. शाळा तपासणीस येणाऱ्या साहेबानें एखादें साधें गणित घालावें, तशी ही परीक्षा. ती ओळ फाइलींत लिहून ठेवली असतां कोणी ओरडलें नाहीं, तर पहारेकरी झोंपला आहे असें खुशाल समजावें.

फुकट मिळणाऱ्या मालाविषयीं एक शब्द. मायक्रोसॉफ्ट विंडोजची किंमत घेऊन बसलेली असल्यामुळें तिचा डिफेंडर फुकट देणें तिला परवडतें. इतर कंपन्यांच्या बाबतींत खर्च कोठून भागतो हें पाहावें लागतें. अव्हास्ट या प्रसिद्ध कंपनीचा फुकट अँटिव्हायरस कोट्यवधि लोक वापरीत असत. त्या लोकांनीं इंटरनेटवर काय पाहिलें याची माहिती कंपनीची जंपशॉट नांवाची शाखा इतरांस विकत होती, असें उघडकीस आलें. जानेवारी २०२० मध्यें ती शाखा बंद करण्यांत आली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें अमेरिकेच्या व्यापार आयोगानें त्याबद्दल कंपनीस एक कोटी पासष्ट लाख डॉलर भरावयास लावले. ज्याला घराच्या किल्ल्या दिल्या तोच घरांतील बोलणें बाजारांत विकीत होता. म्हणून फुकट माल घेतला तरी बसवितांना विचारले जाणारे प्रश्न वाचावे, आणि माहिती पाठविण्याची संमति मागणाऱ्या खुणा काढून टाकाव्या.

याहून वाईट प्रकार खोट्या पहारेकऱ्यांचा. संगणकावर अचानक लाल पाटी येते, घंटा वाजूं लागते, आणि ‘तुमच्या यंत्रांत अमुक इतके विषाणु सांपडले, या क्रमांकावर फोन करा’ अशी सूचना दिसते. ही पाटी स्वतःच चोर आहे. खरा अँटिव्हायरस फोन करावयास सांगत नाहीं. अशा वेळीं फोन न करतां तें पान बंद करावें, न झाल्यास संगणकच बंद करावा. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर कळवावें. सायबर फसवणुकीसाठीं केंद्र सरकारनें तो ठेवलेला आहे. याच सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रानें, जें २१ फेब्रुवारी २०१७ रोजीं सुरू झालें, विषाणु काढून टाकण्याचीं साधनें विनामूल्य उपलब्ध करून दिलीं. शंका आलेलें यंत्र तपासण्यास तींही उपयोगी पडतात.

येथवर पहारेकऱ्याची निवड झाली. परंतु भिंतीला भगदाड असेल तर दारावरचा पहारेकरी काय करणार? १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाच्या खंडणीखोर कृमीनें दीडशेंच्या आसपास देशांतील संगणकांस कुलुपें घातलीं आणि किल्लीसाठीं पैसे मागितले. इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांस रोगी परत पाठवावे लागले. ज्या भगदाडांतून ही कृमि शिरली तें बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजींच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीं, दिली होती. ज्यांनीं ती बसविली त्यांना त्या भगदाडाची झळ लागली नाहीं. त्याच वर्षीं जूनच्या अखेरीस ‘नॉटपेट्या’ आली, आणि तिच्यामुळें मुंबईजवळच्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका धक्क्यावरील काम थांबलें. दूर युक्रेनमध्यें हिशेबाच्या एका प्रोग्रॅममधून निघालेला रोग कोंकणच्या किनाऱ्यास येऊन लागला.

म्हणून अँटिव्हायरसच्या आधीं विंडोजची दुरुस्ती पाहावी. सहा वर्षांपूर्वींच्या संगणकांत बहुधा विंडोज १० असेल, आणि त्या आवृत्तीस मिळणारा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. घरगुती ग्राहकांसाठीं सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची एक वाढीव योजना कंपनीनें काढली, पण तिच्यासाठीं नोंदणी करावी लागते. ती आपोआप होत नाहीं. यंत्रास झेपत असेल तर विंडोज ११ विनामूल्य चढवितां येतें. झेपत नसेल, आणि काम केवळ लिहिण्या-वाचण्याचें असेल, तर लिनक्स बसवून जुनें यंत्र आणखी कांहीं वर्षें सुखानें वापरणारीं घरें आहेत. हजार रुपयांचा पहारेकरी घेऊन भगदाड तसेंच ठेवणें हा व्यवहार शहाणपणाचा नाहीं.

आणि पहारेकरी स्वतःच चुकला तर? १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या कंपनीनें मोठमोठ्या कचेऱ्यांसाठींच्या आपल्या संरक्षक प्रोग्रॅमची एक सदोष सुधारणा धाडली, आणि जगांतील सुमारें पंच्याऐंशीं लक्ष विंडोज संगणक निळी पाटी दाखवून बंद पडले. हिंदुस्थानांतील विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले पास देण्यांत आले. त्या दिवशीं विषाणु कोठेंच नव्हता. संरक्षक प्रोग्रॅम यंत्राच्या गाभाऱ्यांत बसलेला असतो, त्यामुळें त्याची चूक पुजाऱ्याच्या हातून समई पडण्यासारखी असते.

राहतां राहिला तो माडिया शब्दसंग्रह. खंडणीखोर विषाणु संगणकास जोडलेल्या दुसऱ्या तबकडीलाही कुलूप घालतो. म्हणून प्रतिलिपि ठेवण्याची तबकडी जोडूनच ठेवणें म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीसच लटकाविणें होय. गुरुजींनीं दोन बाह्य तबकड्या घ्याव्या. त्यांस मिळून पडणारा खर्च अँटिव्हायरसच्या कांहीं वर्षांच्या वर्गणीइतका होईल, आणि दोहोंपैकीं एकच परवडत असेल तर तबकड्या घ्याव्या, अँटिव्हायरस डिफेंडरवर सोंपवावा. एक तबकडी घरीं कपाटांत राहील व आठवड्यांतून एकदां, रविवारीं, जोडून प्रत उतरवितांच पुन्हां काढली जाईल. दुसरी चंद्रपुरास बहिणीच्या घरीं राहील. दर सुट्टीस दोहोंची अदलाबदल व्हावी. ओलीपासून जपण्यासाठीं घट्ट झांकणाचा डबा आणि त्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या पुरतात. वर्षांतून एकदां तबकडीवरील दोन-चार फायली उघडून पाहाव्या, कारण उघडत नसलेली प्रत ही प्रत नव्हे.

ताज्या खुणांची फाइल आणण्याचाही वार ठरवून टाकावा. फोनला चांगली रेंज मिळेल अशा गांवीं जाणें झालें कीं ती फोनवरच उतरवावी आणि तारेनें घरच्या यंत्रास द्यावी. दुकानाच्या संगणकांतून पेनड्राइव्हवर आणूं नये, नाहींतर औषधाच्या बाटलींतूनच रोग घरीं यावयाचा. मायक्रोसॉफ्टची ही फाइल शेंदोनशें एमबींची असते. ती घातल्यावर संपूर्ण तपासणी लावून द्यावी आणि जेवावयास बसावें. जुन्या यंत्रास दोन-तीन तास लागतात.

मृगाच्या आधीं, रस्ते अजून मोकळे असतांना, या सर्व कामांची एकदां उजळणी झालेली बरी. त्याच फेरींत शब्दसंग्रहाची एक प्रत कागदावर छापून घ्यावी. छापतांना पेनड्राइव्ह दुकानांत द्यावाच लागेल. तो घरीं आल्यावर पूर्ण पुसून मगच पुन्हां वापरावा. कागदाच्या त्या गठ्ठ्याला वाळवी लागते खरी, परंतु वाळवीला गडचिरोलीच्या लोकांनीं पुरातन काळापासून तोंड दिलें आहे. कडुनिंबाचा पाला आणि उंच फळी त्यांच्या घरांत असतेच.